दाराकडची जागा

रोह्याच्या आमच्या प्रार्थनामंदिरात आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. पांढऱ्या आहेत. एकात एक घालून भिंतीशी रचता येतात, झाडू मारायला सोपं जातं, असं नव्या पाळकांनी मला सांगितलं. ते तरुण आहेत आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जुने लाकडी बाक बाहेर पेरूच्या झाडाखाली एकावर एक चढवून ठेवले होते. मी मोजले. अकरा भरले. माझ्या लहानपणी बारा होते. बारावा आत होता, शेवटच्या ओळीत, जागचा न हललेला.

त्या बाकासाठी मला बोलावणं आलं होतं. जुने पाळक वारले. त्यांच्या पत्नी अजून मंदिरामागच्या दोन खोल्यांत राहतात. मंडळीतली, म्हणजे आमच्या या छोट्या चर्चमधली, लहानथोर माणसं त्यांना पाळकबाई म्हणतात. त्यांचा फोन आला तेव्हा मी शहरात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, एका बातमीचा मथळा बसवत होते. "खुर्च्या आल्यात गो," त्या म्हणाल्या. "सुतार बाक न्यायला येतोय. मागचा तेवढा मी धरून ठेवलाय. पप्पांचा आहे तो. नेणार असशील तर ये."

मी नकार द्यायला गेले होते. माझ्या घरात सहा फुटांचा बाक मावत नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं. रविवार पाहून निघाले, कारण सुट्टी होती. महिन्याचा पहिला रविवार आहे, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

बाक फणसाच्या लाकडाचा आहे. पूर्वी पिवळसर होता, आता तांबूस-काळा दिसतो. पाठीला दोन फळ्या, हात नाहीत. एक टोक भिंतीला लागून, दुसरं टोक दाराकडे. दार उघडं असलं की सकाळी साडेनऊच्या सुमाराला दाराकडच्या टोकावर ऊन येतं आणि गीत संपेपर्यंत निघून जातं. लहानपणी मी मान वळवून ते ऊन पाहत बसायची आणि मम्मी माझी हनुवटी धरून मला परत समोर वळवायची.

त्या बाकाची एक रीत होती. ती कुणी घालून दिली, हे मंडळीच्या वहीत कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. ख्रिस्ताची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. भाकर म्हणायचं, पण असायची पोळी. पाळकबाई ती पहाटे लाटून तिचे नखाएवढे चौकोन कापायच्या. द्राक्षरसही त्यांच्याच चुलीवर, काळ्या मनुका उकळून. शनिवारी दुपारी मंदिराच्या आसपास तो वास भरून राहायचा, गोड आणि किंचित करपल्यासारखा. संध्याकाळी वारा फिरला की त्यावर केमिकल कंपन्यांचा आंबूस, औषधी वास चढायचा. माझ्या मनात ते दोन वास अजून वेगळे होत नाहीत.

तर रीत अशी. त्या महिन्यात ज्याच्या तोंडून कुणाविषयी अपमानाचा शब्द गेला असेल, त्याने पहिल्या रविवारी पुढे बसायचं नाही. मागच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसायचं. ताट त्याच्यापर्यंत जात नसे. कुणी काही विचारत नसे. ज्याला तो शब्द लागला, त्याचं मन निवलं की त्याने उठून यायचं आणि त्याच बाकावर, दाराकडच्या टोकाला बसायचं. बोलण्याची सक्ती नव्हती. थोडा वेळ तसं बसून दोघांनी बरोबर पुढे जायचं आणि सगळ्यांच्या शेवटी भाकर घ्यायची. इतर कुठल्याही अपराधासाठी असा बाक नव्हता. फक्त जिभेसाठी होता. जुने पाळक सांगायचे की माणसाला शिवी दिली की ती त्याला घडवणाऱ्यापर्यंत पोचते. लहान असताना मला वाटायचं, ती छपराच्या कौलांतून वर जात असेल.

या रीतीत हसण्याच्याही जागा होत्या. शमुवेलमामा पेटी वाजवायचे. त्यांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं बोलणं दुसऱ्याच वाक्याला भांडणावर येत असे. मामा वर्षातले सहा महिने तरी भिंतीकडे असायचे, आणि ते मागे बसले की पेटी मुकी राहायची. एका रविवारी रिबेकामावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पेटीच मागं नेऊन ठेवा. दर महिन्याला मामांनी किती उठबस करायची?" मामा ताडकन उभे राहिले. "या बाईला कुणीतरी—" एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं. आणखी एक शब्द गेला असता तर पुढचाही महिना गेला असता. पाळकांनी तोंडासमोर गीतांची वही धरली. वही हलत होती.

आम्ही रोह्याजवळ वरशाला राहायचो. पप्पा एका कंपनीत स्टोअरचे सुपरवायझर होते. मी दहावीत असताना, पावसाळा संपून भात पिवळं पडत होतं त्या दिवसांत, एका दुपारी ते पहिल्या शिफ्टवरून आले, डबा मोरीत ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "आज मी एका माणसाला शिवी दिली."

मम्मी तांदूळ निवडत होती. "कुणाला?"

"लहू म्हणून आहे. ठेक्यावरचा. ड्रम उतरवत होता."

"काय बोललात?"

पप्पांनी सांगितलं नाही. "चार जण हसले," एवढंच म्हणाले.

तो शब्द मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळला. हसणाऱ्या चौघांपैकी एकाची मुलगी माझ्या वर्गात होती. लहू नदीपलीकडच्या कातकरी वाडीतला होता. शब्द त्याच्या जातीवर आणि जन्मावर होता. तो मी इथे लिहीत नाही. पप्पांना राग कशाचा आला होता, हे मी कधी विचारलं नाही आणि ते आता कळण्याची सोय नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी पप्पा भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसले. मम्मी आणि मी पुढे. त्यांनी बाकाचं दुसरं टोक रिकामं सोडलं होतं. उपासना संपली तरी ते रिकामंच होतं. लहू मंडळीतला नव्हता. त्याला हा बाक आहे, हेच ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांनी जुने पाळक आमच्या घरी आले. मम्मीने चहा ठेवला, पोह्याचे पापड तळले. पाळक म्हणाले, "तो बाहेरचा माणूस आहे. त्याने येऊन बसावं अशी अपेक्षा धरणं बरं नाही. तुम्ही प्रार्थनेत कबूल केलंत. देवाने माफ केलं असं समजा आणि पुढे या."

पप्पा म्हणाले, "मी देवाला शिवी दिली नव्हती, पाळकसाहेब."

पाळकांनी पापडाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

शिवी दिली त्याच आठवड्यात लहू काम सोडून गेला होता. दिवाळी झाली की वाडीतली माणसं कुटुंबासकट विटांच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. पप्पा जूनमध्ये नदी ओलांडून वाडीवर जायला लागले. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं मिळायचं. लहू सासुरवाडीला गेलाय. लहू जंगलात गेलाय. कुठला लहू, इथं चार लहू हायत. कंपनीचा साहेब एका मजुराला शोधत वर्षानुवर्षं येतो, याचा वाडीने काय अर्थ लावला असेल, हे पप्पांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. ते परतायचे तेव्हा त्यांच्या पायांना पोटरीपर्यंत लाल चिखल असायचा आणि ते तो अंगणातल्या दगडावर बसून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश धुवायचे.

त्याच काळात त्यांना पाण्याची सवय लागली. राग येतोय असं वाटलं की ते माठाकडे जायचे, तोंडात पाणी भरायचे आणि ते तसंच धरून उभे राहायचे. गाल फुगलेले, डोळे समोरच्या कॅलेंडरवर. तोंडात पाणी असताना माणसाला काहीच बोलता येत नाही. मम्मीला याचा वैताग यायचा. भांडण निम्म्यावर राहायचं. "गिळा एकदाचं आणि बोला," ती म्हणायची. "मी काय भिंतीशी भांडू?" पप्पा हाताने थांब अशी खूण करायचे. मग कधीकधी मम्मीला हसू फुटायचं, आणि ते पाहून पप्पांना, आणि पाणी सदऱ्यावर सांडायचं. माठाच्या खालची फरशी त्या दिवसांत कायम ओली असे. तिथला ओल्या मातीचा वास म्हणजे आमच्या घरातल्या न झालेल्या भांडणांचा वास.

तिसऱ्या वर्षी मम्मी गेली. त्यानंतर भांडायला कुणी नव्हतं, तरी माठ भरलेला असायचा.

पहिल्या रविवारी मी आता पुढे एकटी बसायची. माझ्या मागे आठ ओळी, आणि त्यांच्यामागे पप्पा. ताट पुढून निघायचं, ओळीओळीने मागे जायचं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर वळायचं. मी न पाहताही मला तो वळण्याचा क्षण कळायचा, कारण ताट नेणारा तिथे जरा अडखळायचा. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, तुझ्या पप्पांनी एवढं काय केलंय? मी सांगायची, काही नाही, एक शब्द बोलले. ते कुणालाच खरं वाटायचं नाही. माणूस एका शब्दासाठी पाच वर्षं मागे बसत नाही, असं त्यांना वाटायचं, आणि हळूहळू मलाही तसं वाटू लागलं.

पाचव्या वर्षी, फेब्रुवारीत, वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने अखेर सांगितलं. ती वाडीत मागे राहिलेल्या तिघाचौघांपैकी. "पेनच्या अंगाला, हमरापूरच्या खाली, खाडीकडं भट्टी हाय. तिथं असंल बग." पप्पांनी मला बरोबर चल असं म्हटलं नाही. मीच निघाले. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि दिवसभर वाट पाहण्यापेक्षा जाणं बरं होतं.

एसटीने पेणजवळ रामवाडीला उतरलो. तिथून सहा आसनी रिक्षाने हमरापूर. तिथे घराघराच्या अंगणात गणपती वाळत होते. रंग नाहीत, डोळ्यांची आखणी व्हायची होती. पांढऱ्या रांगाच्या रांगा, उन्हाकडे तोंड करून. हवेत ती बारीक पूड होती जी जिभेवर खडूसारखी लागते. एका पडवीत एक बाई मूर्तीचे सांधे घासत बसली होती. हात कोपरापर्यंत पांढरे.

"कुठं जायचंय गो?" तिने मला विचारलं.

"भट्टीवर."

"खाली खाडीकडं. पन तुमी कोन? हापिसातले काय?"

पप्पा म्हणाले, "नाही. माफी मागायची आहे."

"कुणाची? भट्टीवाल्याची?"

"एका मजुराची."

तिने घासणं थांबवलं. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मंग जा," ती म्हणाली. "रस्ता सरळच हाय. मधी कुत्रा हाय, त्याच्याकडं बगू नका."

भट्टीवर भाताच्या तुसाचा धूर होता. खाली खाडीचा, खाऱ्या चिखलाचा वास. कच्च्या विटांच्या ओळी इतक्या नीट होत्या की दुरून त्या छापलेल्या वाटत. लहू उकिडवा बसून साच्यात चिखल थापत होता. पाच वर्षं ज्याचं नाव ऐकलं तो माणूस मला मोठा वाटत आला होता. तो लहानखोर होता. बायको त्याच्या शेजारी चिखलाचे गोळे करून देत होती.

पप्पा त्याच्यासमोर उभे राहिले, मग बसले. "लहू तुम्हीच का?"

लहूने मागे वळून पाहिलं. तुम्ही म्हणजे कोण, हे त्याला कळलं नव्हतं. मागे कुणी नव्हतं. "व्हय," तो म्हणाला.

"मी रोह्याच्या कंपनीतला. ओळखलंत?"

"नाय, साहेब."

"पाच वर्षांमागे तुम्ही ड्रम उतरवत होतात. मी तुम्हाला शिवी दिली होती."

लहूने खरोखर विचार केला. तो वेळ मला आठवतो, कारण त्याच्या हातावरचा चिखल तेवढ्यात कडेने पांढरा पडू लागला. "कुठली?" त्याने विचारलं.

पप्पांचे ओठ हलले. त्यांचा हात पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि परत आला.

"जातीवरनं?" लहूने मदत केली.

पप्पांनी मान हलवली. तेव्हा लहूने तो शब्द स्वतःच उच्चारला. सहज, घराचा पत्ता सांगावा तसा. "ही?"

"हो."

लहू हसला. "ही तं रोजचीच हाय. कोन ना कोन बोलतोच. त्यातली तुमची कुठली, मला कसं कळनार, साहेब?"

"हसतोस काय रे?" त्याची बायको म्हणाली. "मानूस एवढ्या लांबनं आलाय." मग पप्पांना म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी पोलिसात दिलंय. वाडीवर येता ते ठाव होतं. म्हनून कोन सांगायचं नाय."

पप्पांनी त्यांना बाकाविषयी सांगितलं. भिंतीकडचं टोक, दाराकडचं टोक. ते फार सावकाश, मुद्दे सुटू नयेत असं बोलत होते. "तुम्ही एक रविवार याल का? काही म्हणायचं नाही. नुसतं बसायचं."

"तुमच्या देवळात?"

"हो."

"आमाला बसू देतील?"

"जागा तुमचीच आहे. पाच वर्षं रिकामी आहे."

लहूने साचा उचलला, वीट सुटी केली आणि पुढच्या विटेसाठी चिखल घेतला. "आता नाय जमायचं. भट्टी चालू हाय. पावसात वाडीवर आलो का बगू."

बगू म्हणजे नाही, हे मला एकविसाव्या वर्षी ठाऊक होतं. पप्पांना ते ठाऊक नसावं. ते रामवाडीपर्यंत उजळ चेहऱ्याने आले. स्टँडवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती. पप्पा म्हणाले, "जूनपर्यंतचाच प्रश्न आहे."

आणि मी बोलले. जे बोलले ते जसंच्या तसं देते. "तो येणार नाही, पप्पा. त्याला आठवतसुद्धा नाही. पाच वर्षं तुम्ही त्याच्या नावावर मिरवताय. तुम्हाला माफी नकोच आहे, तुम्हाला तो बाक हवाय. ढोंगी आहात तुम्ही."

शेवटचा शब्द आमच्या लोकांत सगळ्यांत जड आहे. शिव्यांच्या कुठल्याही यादीत तो सापडणार नाही. कोणतंही वर्तमानपत्र तो बिनदिक्कत छापेल. पण आमच्या मंडळीत माणसाला त्याहून खाली ढकलता येत नाही. रसवाल्याने आमच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

पप्पांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडलं, तोंडात पाणी भरलं, झाकण लावलं. रोह्याची गाडी फलाटाला लागेपर्यंत त्यांनी ते पाणी तसंच धरलं. मी घड्याळ पाहत होते. चौदा मिनिटं. गाडी लागल्यावर त्यांनी ते गिळलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग म्हणाले, "खिडकीला बस. तुला गाडी लागते."

मे महिन्यात मी शहरात गेले. वर्तमानपत्रात काम मिळालं. तिथे मला दुसऱ्यांच्या वाक्यांतले जास्तीचे शब्द काढायला शिकवलं गेलं. विशेषणं काढायची. राग काढायचा. भाषणांतल्या शिव्यांच्या जागी टिंबं द्यायची. हे काम मला चांगलं जमलं. इतकं की सहकारी म्हणत, तुला कुणी कधी चिडलेलं पाहिलं नाही. ते खरं होतं. मी चिडत नव्हते. जवळपास बोलतही नव्हते.

पप्पांचा फोन रविवारी दुपारी यायचा. जेवलीस का? हो. पाऊस आहे का? आहे. तुमच्याकडे? इथेही. लहू आला का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मी नाताळला जायची, दोन दिवस राहायची, आणि जानेवारीचा पहिला रविवार येण्याआधी परत निघायची. त्यांनी कधी थांब म्हटलं नाही. निघताना पिशवीत पोह्याच्या पापडांचं पुडकं असायचं. ते कुठून आणत असत, कोण जाणे. घरी आता पापड करणारं कुणी नव्हतं. पुडक्याला सुतळीची दुहेरी गाठ असायची. ती मला कधीच हाताने सुटली नाही. कात्री लागायची.

असं आठ वर्षं चाललं. मग एका बुधवारी मी रोह्याला आले ती त्यांना माती द्यायला. मंदिर भरलं होतं. मी सगळ्यांत पुढे बसले. मागे वळून पाहिलं नाही. वरशाचं घर पुढच्या वर्षी दुसऱ्यांचं झालं, आणि रोह्याला यायचं कारण उरलं नाही.

हे सगळं त्या रविवारी सकाळी नऊच्या आधी, पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात बसून आठवत होतं. शनिवारी राहून गेलेल्या मनुका त्यांनी आता उकळत ठेवल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं आता, पातेल्यावर वाकून, झाल्या का ते त्या वासावरूनच ओळखत होत्या. मी म्हणाले, "बाई, बाक मला नेता यायचा नाही. सुतारालाच द्या."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पातेलं ढवळत, "लहू आला होता, माहीत आहे ना तुला?"

मला माहीत नव्हतं.

"नाय सांगितलं त्यांनी? तू गेलीस त्याच पावसात. ऑगस्ट असेल. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पाय चिखलाने भरलेले. दारातच उभा. तुझे पप्पा उठेनात. उठले असते तर पुढे जाऊन हात धरून आणला असता, पण ते उठायचं विसरले. मग तो आपणच आत आला. बाकाच्या कडेवर एवढासा बसला, जागा खराब होईल म्हणून. थोड्या वेळाने विचारतो, 'झालं का?' तुझे पप्पा म्हणाले, 'झालं.' मी चहा दिला. शमुवेलमामाने आपली छत्री दिली त्याला. ती काय परत आली नाय," असं म्हणून त्या हसल्या.

"म्हणजे पप्पा नंतर पुढे बसायचे," मी म्हणाले.

पाळकबाईंनी गॅस बंद केला. "एकच महिना. त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी परत मागे. आमच्या यांनी विचारलं, आता कुणाला बोललात? तर म्हणाले, 'मी नाही बोललो.' तेव्हा आमच्या लक्षात आलं. भिंतीकडे नव्हते बसले. दाराकडे बसले होते."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"भाकर घ्यायचे. ताट त्यांच्यापर्यंत न्यायला लागलो आम्ही. घ्यायचे, आणि बसून राहायचे. आठ वर्षं. शेवटी शेवटी रिक्षाने यायचे. नाव नाय घेतलं कधी तुझं. आमच्यापैकी कुणी विचारलंही नाय. विचारायची रीत नाय ना."

रीत अशी होती की बोलणाऱ्याने आधी येऊन बसायचं आणि ज्याला लागलं त्याने मागून. पप्पांनी क्रम उलटा केला होता. रविवारी दुपारचे ते फोन बाकावरून घरी गेल्यावर केलेले होते. जेवलीस का, असं ते विचारत होते. मी हो म्हणत होते.

मंदिरात लोक जमू लागले. बहुतेक चेहरे मला अनोळखी. नवी कुटुंबं, कंपन्यांमध्ये कामाला आलेली. खुर्च्यांवर बसताना प्लॅस्टिक कुरकुरत होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि बाकाकडे प्रथमच जवळून पाहिलं. दोन्ही टोकं गुळगुळीत झाली होती. भिंतीकडचं टोक अनेकांनी झिजवलं होतं, रुंद आणि उथळ. दाराकडचं एकाच माणसाच्या बैठकीएवढं. मधलं लाकूड अजून खरखरीत होतं.

मी भिंतीकडे बसले.

पहिलं गीत झालं. पेटी आता विजेवर चालते, तिचा भाता दिसत नाही. दारातून ऊन आलं, बाकाच्या दुसऱ्या टोकावर थांबलं, गीत संपायच्या आत सरकून गेलं. नवे पाळक ताट घेऊन ओळीओळीने मागे आले. त्यांना ही रीत कुणी सांगितलेली नव्हती. त्यांनी ताट माझ्यासमोर धरलं. पोळीचे नखाएवढे चौकोन होते, कडा जरा वेड्यावाकड्या. पाळकबाईंना आता नीट दिसत नाही. मी मानेनेच नाही म्हटलं. पाळक गोंधळले, क्षणभर तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, शहरातली बाई आहे, विश्वास उडाला असेल. ते वळून गेले.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. उशीर झाला होता, कडेवर झोपलेलं मूल, कपाळावर घाम. खुर्च्या भरल्या होत्या. तिने दाराकडच्या टोकाला हात लावला आणि हळूच मला विचारलं, "ताई, इथं कोन हाय काय?"

"हाय," मी म्हणाले.

तिने त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हाताने तिला मधली खरखरीत जागा दाखवली. ती माझ्या शेजारी बसली, मूल मांडीवर घेतलं, आणि दाराकडची जागा तशीच राहिली.

सुतार दुपारी आला. अकरा बाक घेऊन गेला.